थांबवलेल्याला हाक कोणी मारायची?

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून चार जीबीचं फोल्डर, घरचा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर आणि एक साधा पेन ड्राइव्ह. कॉपी सुरू केली की पट्टी सरसर धावते, मिनिटाभरात शेवटाजवळ पोचते आणि तिथेच थिजते. मग ब्राउझरमध्ये नवं पान उघडत नाही, लिहीत असलेली फाइल सेव्ह करायला जावं तर खिडकी करडी पडते. प्रोसेसर मात्र रिकामा बसलेला असतो. डिस्क बिघडलेली नसते, प्रोग्रॅमही कोसळलेला नसतो. चार-पाच मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत होतं, पण तोवर पुष्कळांनी वैतागून बटण दाबून मशीन बंद केलेलं असतं.

यामागचा हिशेब सोपा आहे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवून घेतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. न उतरवलेला मजकूर किती साचू द्यायचा याची नेहमीची वरची मर्यादा म्हणजे वापरण्याजोग्या मेमरीच्या २० टक्के. १६ जीबीच्या मशीनवर ती सुमारे ३ जीबी होते. पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल, तर एवढा मजकूर उतरवायला पाच मिनिटं लागणारच. त्यात ही मर्यादा सगळ्या मशीनची मिळून एक. पेन ड्राइव्हने ती भरून टाकली की ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्यांच्याही लिखाणाला लगाम बसतो. २०१३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कर्नलच्या विकासकांमध्ये यावर जोरदार चर्चा झाली. थोड्या मेमरीच्या काळातली टक्केवारी मोठ्या मेमरीच्या मशीनला लागू पडत नाही, हे तेव्हा लिनस टॉरवल्ड्स यांनीही मान्य केलं.

हा खोळंबा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून तो आधी घेतला. प्रत्यक्षात डिस्ककडे जाणाऱ्या वाटेवर अशी अडण्याची ठिकाणं बरीच आहेत. प्रोग्रॅमने मागितलेलं काम मेमरीतून उतरतं, त्याची विनंती तयार होते, विनंतीला टॅग मिळतो, ड्रायव्हर ती हातात घेतो आणि मग ती डिस्कपर्यंत पोचते. टॅग म्हणजे बँकेतल्या टोकनसारखा क्रमांक. डिस्कने उत्तर देताना ‘अमुक क्रमांकाचं काम झालं’ म्हणायचं, म्हणून तो लागतो. हे टॅग मोजकेच असतात. साधा पेन ड्राइव्ह एका वेळी एकच काम घेतो. साटा डिस्क एनसीक्यूच्या सोयीने ३२ कामं घेते. एनव्हीएमईच्या मानकात सुमारे ६४ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत सुमारे ६४ हजार कामं, इतकी मुभा आहे. आकडा कितीही मोठा असला तरी तो संपतो, आणि संपण्याचा क्षण नेमका सर्वाधिक गर्दीचा असतो.

म्हणजे टंचाई हा दोष नाही, ती गृहीतच धरायची असते. मागची वीस-पंचवीस वर्षं या क्षेत्रात जे काही चाललंय ते पाहिलं की माझ्या मते सगळा प्रश्न एका जागी येऊन थांबतो: ‘आत्ता जागा नाही, थांब’ असं ज्याने सांगितलं, त्याने पुन्हा हाक मारण्याची जबाबदारी कुणावर टाकली? ती नेमून दिलेली असेल तर टंचाईतून फक्त उशीर होतो. नेमून दिलेली नसेल तर मशीन कायमचं अडकतं, आणि ज्या दिवशी ते अडकतं त्या दिवशी दोषी ठरवावं असं समोर कुणीच दिसत नाही.

पहिली टंचाई मेमरीची. तिच्यात एक विचित्र वर्तुळ आहे. मेमरी कमी पडली की कर्नल काही पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. पण डिस्कवर लिहायचं तर विनंती तयार करावी लागते, आणि विनंतीलाही थोडी मेमरी लागतेच. ती मिळाली नाही तर लिखाण थांबतं, लिखाण थांबलं म्हणून मेमरी सुटत नाही, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात. यावर इंगो मोलनार यांनी २.५ आवृत्तीच्या काळात ‘मेमपूल’ लिहिला. घरात एरवी हात लावायचा नाही असा धान्याचा डबा ठेवतात, तसा हा साठा. मुख्य विनंती-साठ्याचा राखीव कोटा किती असावा? फक्त २. एवढे पुरतात, कारण राखीव घेणाऱ्याचं काम डिस्कवरून पूर्ण होऊन ते परत येणारच, असं गृहीत धरलेलं असतं.

या गृहीतकाला एक अट आहे आणि ती सहज मोडली जाते. राखीव वस्तू हातात असताना त्याच साठ्यातून दुसरी मागायची नाही. डिस्कवर रेड, रेडवर एन्क्रिप्शन, त्यावर लॉजिकल व्हॉल्यूम असे थर चढवले की एकाच कामाचे वरपासून खालपर्यंत तुकडे होत जातात आणि एकच टास्क एक तुकडा धरून दुसरा मागत राहतो. त्यासाठी कर्नलमध्ये वेगळा बचाव-धागा ठेवावा लागला: अडकलेल्या टास्कच्या हातातल्या विनंत्या तो पुढे ढकलतो. तसंच, डिस्कच्या वाटेवर असताना मेमरी मागायची तर ‘मेमरी सोडवण्यासाठी पुन्हा डिस्कचं काम काढू नकोस’ अशी खूण लावून मागायची, हा नियम झाला. विंडोजच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाही हेच बंधन आहे: पेजिंगच्या वाटेवरचा ड्रायव्हर मेमरी संपली तरी पुढे सरकता राहिला पाहिजे.

दुसरी टंचाई टॅगची. टॅग संपले की विनंती घेऊन आलेला टास्क झोपतो आणि एखादा टॅग सुटला की त्याला उठवतात. प्रत्येक टॅगमागे एकेकाला उठवणं महाग पडतं, म्हणून लिनक्स वाट पाहणाऱ्यांच्या ८ रांगा करतं आणि काही टॅग सुटले की एकदम गटाने उठवतं. इथली मोजणी नाजूक आहे. गट भरण्याइतकी कामं बाहेर उरलेलीच नसतील तर गट कधी भरणार नाही आणि झोपलेले झोपूनच राहतील. या मोजणीतल्या फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या अगदी २०२२मध्येही येत होत्या. एकाच कंट्रोलरच्या टॅगवर अनेक डिस्क असतील तर वाटणीचा प्रश्नही येतो. एक संथ डिस्क सगळे टॅग अडवून बसली तर शेजारच्या चपळ डिस्क उपाशी राहतात. म्हणून सक्रिय डिस्कांमध्ये टॅग वाटून द्यायचे, पण प्रत्येकीला किमान ४ तरी मिळायलाच हवेत, असा नियम आहे.

साटा डिस्कचा एक बारकावा सांगतो. कित्येक वर्षं लिनक्स ३२ कामांच्या डिस्कवर ३१च पाठवत असे. उरलेला एक क्रमांक अंतर्गत आज्ञांसाठी राखून ठेवलेला होता. डिस्क अडली आणि तिला विचारपूस करायची, तर त्या विचारपुशीलाही टॅग लागतो. सगळे टॅग अडलेल्या कामांनीच धरले असतील तर विचारणार कसं? पुढे ४.१८ आवृत्तीत अंतर्गत आज्ञेसाठी ३२च्या बाहेरचा वेगळा क्रमांक दिला गेला आणि पूर्ण ३२ मोकळे झाले. संकट निस्तरायला जे लागतं ते संकटाच्याच साठ्यातून घ्यायचं नाही, हे तत्त्व तसंच राहिलं.

आता खरा अवघड भाग. टॅग मिळाला, विनंती ड्रायव्हरकडे गेली, आणि ड्रायव्हर म्हणाला, नाही. त्याच्याकडे डीएमएसाठी, म्हणजे डिस्कने थेट मेमरीशी देवघेव करण्यासाठी, मेमरी नसेल, किंवा डिस्कनेच ‘माझी रांग भरली’ असं कळवलं असेल. जानेवारी २०१४च्या ३.१३ आवृत्तीत अनेक रांगांची नवी रचना, बीएलके-एमक्यू, आली. आदल्या वर्षीच्या एका शोधनिबंधात तिची मांडणी झाली होती. जुन्या रचनेत सगळ्या प्रोसेसरांनी एकाच कुलपासाठी झोंबायचं असे. नवीत प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग मिळाली आणि वेग कित्येक पटींनी वाढला. पण कुलूप गेल्याबरोबर त्याने नकळत सांभाळलेला क्रमही गेला.

ड्रायव्हर नाही म्हणतो तेव्हाचा तो क्षण संथ करून पाहू. ड्रायव्हरकडे आधीचं एक काम चालू आहे. नवी विनंती येते, तो म्हणतो, ‘आत्ता नाही, चालू काम संपलं की रांग पुन्हा चालवतो.’ वरचा थर ती विनंती घेऊन बाजूच्या यादीत ठेवायला निघतो. ती यादीत पडण्याआधीच चालू काम संपतं. काम संपवणारा यादीत डोकावतो, यादी रिकामी दिसते, तो निघून जातो. त्यानंतर विनंती यादीत पडते. आता डिस्क मोकळी आहे, टॅग मोकळे आहेत, यादीत विनंती आहे, आणि तिला उचलणारं कुणीही नाही. शब्द देणाऱ्याने तो पाळला, घेणाऱ्यानेही काही चूक केली नाही, दोघांची फक्त चुकामूक झाली. बाहेरून कुणी नवं काम आणेपर्यंत ही विनंती तशीच पडून राहते.

यावरचा उपाय दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय: वरच्या थराने आधी ‘पुन्हा चालवा’ अशी खूण लावायची, विनंती यादीत ठेवायची आणि मग खूण अजून आहे का ते पाहायचं. नसेल तर मधल्या काळात कुणीतरी येऊन गेलं, तेव्हा रांग आपणच चालवायची. दुसरा पाय नकाराच्या अर्थाचा. ४.१६ आवृत्तीच्या वेळी, २०१८च्या सुरुवातीला, मिंग लेई यांनी ड्रायव्हरच्या नकाराचे दोन प्रकार केले. एक नकार असा: ‘माझ्याच डिस्कची अडचण आहे, माझं एक काम चालू आहे, ते संपलं की मी हाक मारीन.’ दुसरा असा: ‘अडचण माझ्या हातातली नाही, मेमरी किंवा आणखी काही. हाकेची हमी देता येत नाही.’ पहिल्या नकाराला वरचा थर निवांत थांबतो. दुसऱ्या नकारानंतर, दुसरं कुणी रांग चालवेल याची खात्री नसेल, तर तो स्वतःच ३ मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. हा ३चा आकडा कुठल्या गणितातून आला नाही. दोन ड्रायव्हर आधीपासून तोच वापरत होते, म्हणून तो उचलला.

काही जणांना हा वेळ लावून पुन्हा पाहण्याचा प्रकार आळशीपणा वाटतो. एसएसडीचं एक वाचन १०० मायक्रोसेकंदांत होत असेल तर ३ मिलिसेकंदांत तशी ३० कामं एकामागून एक उरकतील, हे खरं. म्हणून घड्याळावर मुख्य भिस्त ठेवू नये. पण हाकेची हमी नसलेल्या जागी घड्याळ नसणं हा त्याहून कितीतरी मोठा दोष आहे. तीन मिलिसेकंदांचा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. कायमचा खोळंबा रात्री दोन वाजता फोन करून माणसाला उठवतो.

नकार हाताळताना सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र खोळंब्याची नव्हती. ऑक्टोबर २०१८मध्ये लिनक्स ४.१९ आलं आणि काही आठवड्यांत लोकांच्या फाइल बिघडू लागल्या. तक्रार फाइल सिस्टिमकडून यायची, म्हणून संशय एक्स्ट-४वर गेला. खरं कारण डिसेंबरच्या सुरुवातीला सापडलं, आणि ते ड्रायव्हरच्या नकारात दडलं होतं. विनंती रांगेत न घालता थेट ड्रायव्हरकडे नेण्याची एक जवळची वाट होती. डिस्कांना आज्ञा देणारा स्कझी थर ती हातात घेऊन तिच्या मजकुराचा मेमरीतला पत्ता कुठे, लांबी किती, असा तक्ता तयार करायचा आणि मग कधी कधी ‘आत्ता नाही’ म्हणायचा. नाकारलेली विनंती साध्या रांगेत परत जायची. त्या रांगेचं काम शेजारशेजारच्या विनंत्या एकत्र जोडणं, तेव्हा या विनंतीला दुसरी येऊन जोडली जायची. विनंती मोठी व्हायची, पण तक्ता जुनाच राहायचा. पुढे ड्रायव्हर जुन्या तक्त्याप्रमाणे पहिला भागच वाचायचा-लिहायचा आणि काम पूर्ण झाल्याचं कळवायचा. उरलेल्या भागात जे काही असेल तेच खरं म्हणून वर जायचं.

४.१९मध्येच स्कझीसाठी नवी रचना मूळ निवड म्हणून आली होती. म्हणून ही फट तेव्हा इतक्या लोकांपर्यंत पोचली. येन्स अ‍ॅक्सबो यांच्या दुरुस्तीने अशी नाकारलेली विनंती आधी जोडणीपासून वगळली, आणि पुढच्या बदलात ती साध्या रांगेऐवजी थेट पाठवणीच्या यादीत जाऊ लागली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. नकार म्हणजे काहीच न घडणं, असं आपण समजतो. इथे नकार देण्याआधी अर्धं काम झालेलं होतं, आणि ‘नाही’ या शब्दातून ते वरच्या थराला कळायला काही मार्गच नव्हता.

याच्या उलट एक घटना आहे, जिथे हाक मारणाराच निघून गेला आणि वर्षानुवर्षं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या रचनेत १२८ विनंत्यांची रांग ११३पर्यंत भरली की ‘गर्दी’ची खूण लागायची आणि १०३च्या खाली आली की ती निघायची. मेमरी सोडवणारा भाग गर्दी दिसली की झोपायचा आणि गर्दी हटली की त्याला उठवलं जायचं. बीएलके-एमक्यूने गर्दीची ही मोजदाद ठेवलीच नाही. झोपणारे तरीही झोपत राहिले आणि हाक येत नसल्यामुळे ठरलेली मुदत संपली की आपोआप उठत राहिले. गर्दी असो वा नसो, झोप तेवढीच. जानेवारी २०२२च्या ५.१६ आवृत्तीत मेल गोरमन यांनी मेमरीच्या भागातून हे अवलंबन काढलं आणि मेमरी प्रत्यक्ष किती सुटतेय यावर बेतलेलं वाट पाहणं आणलं. मुदतीच्या घड्याळाने मशीन कायमचं अडकू दिलं नाही हे चांगलंच, पण त्याच घड्याळाने मूळ दोषही झाकून ठेवला. घड्याळाच्या बाजूने मी वर बोललो आहे, म्हणून त्याची ही दुसरी बाजूही नोंदवतो.

डिस्कच उत्तर देत नसेल तर काय, हा शेवटचा टप्पा. लिनक्स साध्या डिस्कला आणि एनव्हीएमईला ३० सेकंदांची मुदत देतं. ती संपली की स्कझीत पायऱ्यापायऱ्यांनी वर जायचं असतं: ती एक आज्ञा रद्द करा, नाही जमलं तर डिस्क रीसेट, मग बस, शेवटी अख्खा कंट्रोलर. वरच्या पायऱ्या चालू असताना त्या कंट्रोलरवरच्या निरोगी डिस्कही थांबतात. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये १२९ क्रमांकाची रीसेटची नोंद दिसते, ती याच जातीची. घरगुती आणि लहान ऑफिसमधल्या रेडमध्ये एक विसंगती वारंवार आढळते. रेडसाठी बनवलेली डिस्क खराब सेक्टरवर साधारण ७ सेकंद झटून नाद सोडते आणि चूक कळवते. मग रेड दुसऱ्या डिस्कवरून तो भाग भरून काढतं. स्वस्त डेस्कटॉप डिस्क मात्र ३० सेकंदांच्या पलीकडेही झटत राहते. कर्नलची मुदत आधी संपते, रीसेट होतं, आणि एका खराब सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाते. डिस्कची मुदत कर्नलच्या मुदतीपेक्षा कमी हवी, एवढं जुळवलं तरी हे टळतं. क्लाउडवर गणित उलटं आहे: तिथली एनव्हीएमई डिस्क खरं तर नेटवर्कपलीकडे असते, म्हणून अ‍ॅमेझॉन आपल्या ग्राहकांना ही मुदत शक्य तितकी वाढवून ठेवायला सांगतं.

मधल्या काळात टंचाई येऊच नये म्हणूनही बरंच काम झालं. रांग जितकी लांब तितकं बरं, हा समज नेटवर्कवाल्यांप्रमाणे इथेही मोडला. फेब्रुवारी २०१७च्या ४.१० आवृत्तीत पार्श्वभूमीतल्या लिखाणाला वेसण घालणारी यंत्रणा आली. ती वाचनाला लागणारा वेळ पाहते, एसएसडीवर २ आणि फिरत्या डिस्कवर ७५ मिलिसेकंद हे लक्ष्य धरते, आणि ते चुकलं की लिखाणाची रांग आखडते. त्याच वर्षी ४.१२मध्ये ओमर सँडोवाल यांचा कायबर आणि पाओलो व्हॅलेंते यांचा बीएफक्यू हे कामांचा क्रम ठरवणारे शेड्युलर आले. २०१९च्या ५.४मध्ये तेजुन हिओ यांचं आयओकॉस्ट आलं. त्यात प्रत्येक कामाची किंमत ठरवून ती गटागटांत वाटली जाते. एकाच मशीनवर अनेकांची कामं चालत असतील तर मला हाच मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोण किती खातंय हे तरी दिसतं. पण यातलं काहीही हरवलेली हाक परत आणू शकत नाही.

लॉगमध्ये ‘टास्क १२० सेकंदांहून अधिक काळ अडकला’ अशी ओळ दिसली की आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे रीबूट. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्याआधी पाच मिनिटं द्या. डिसेंबर २०१८च्या ४.२० आवृत्तीपासून ‘प्रेशर’ या नावाखाली मेमरी आणि डिस्क यांचा ताण वेगवेगळा पाहता येतो, तो लिहून ठेवा. कर्नलच्या आतली स्थिती दाखवणाऱ्या डीबगएफएसमध्ये त्या डिस्कच्या प्रत्येक रांगेची पाठवणीची यादी आणि गुंतलेल्या टॅगची संख्या दिसते. यादीत विनंत्या आहेत आणि डिस्ककडे मात्र एकही काम नाही, असं दिसलं तर तिथेच त्या डिस्कच्या ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘रन’ आणि मग ‘किक’ लिहून पाहा. तेवढ्याने रांग चालू पडली, तर डिस्क चांगली आहे आणि हाक हरवली आहे. त्या पाच मिनिटांची नोंद तुमच्या कर्नलच्या आवृत्तीसह विकासकांकडे पाठवा. रीबूट केल्यावर यातलं काहीच उरत नाही.